पत्रक हातात घेऊन आलेले गुरुजी

गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, गिरगावातल्या एका पोलिस चौकीत एका निवृत्त प्राथमिक शिक्षकावर अन्याय झाला. शिक्षक बेळगावकडच्या एका खेड्यातले. वय सदुसष्ट. गुन्हा शून्य. हा अन्याय पोलिसांनी केला असता तर मी दोन कॉलम भरून लिहिलं असतं, वर जाड टाइपात मथळा ठोकला असता आणि दुसऱ्या दिवशी नाक्यानाक्यावर पत्रक वाटलं असतं. पण तो मी केला. म्हणून हे साध्या कागदावर लिहितोय.

मी पत्रकं लिहितो. सभा कुठे, का, किती वाजता, आणि न येणाऱ्याला काय म्हणावं, एवढं मला लिहिता येतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी लिहिलेल्या एका पत्रकात मी एक वाक्य घातलं होतं : ‘मुंबईतल्या प्रत्येक घराचं दार सीमाभागातल्या मराठी माणसासाठी सताड उघडं आहे!’ उद्गारचिन्हासकट. लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. सभेत ते वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की वाक्य खरं आहे की नाही हे कोण बघतो? मी तर नाहीच बघितलं.

ते पत्रक फिरत फिरत माझ्या गावी गेलं. गाव आता म्हैसूर राज्यात. तिथे माझ्या गुरुजींनी ते वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं, आणि मुंबईला निघाले. हॉटेलात खोली राखून ठेवल्याचं पत्र घेऊन माणूस निघतो ना, तसे.

गुरुजी मुंबईला सभेसाठी आले नाहीत, मोर्चासाठी नाहीत, कोर्टकज्जासाठी नाहीत. ते गाणं ऐकायला आले. शाळेत त्यांनी चौतीस वर्षं आम्हाला अंकगणित आणि पेटी शिकवली. पेटी अभ्यासक्रमात नव्हती. त्यांना एका बाईंचा ललत फार आवडायचा. ललत हा पहाटेचा राग, एवढं मला त्यांच्यामुळे माहीत आहे. ग्रामपंचायतीत बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. बाईंचं गाणं लागणार असलं की गुरुजी काळोखात पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसत. गाणं रंगात आलं की पंचायतीचा कारकून येई आणि बॅटरी वाचवायची म्हणून रेडिओ बंद करी. सहा वर्षांत बाई ललत संपवतात कशा, हे गुरुजींना एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं. आता गिरगावातल्या एका सभागृहात रविवारी सकाळी सहाला बाईंची मैफल होती. गुरुजींनी मनीऑर्डर करून तिकीट मागवलं होतं. सहाला दारं बंद, उशिरा येणाऱ्याला आत सोडणार नाही, असं तिकिटावरच छापलेलं. म्हणजे शनिवारची रात्र मुंबईत काढणं भाग. चटईएवढी जागा, थोडी झोप, पहाटे आंघोळ. बस.

शनिवारी दुपारी ते पत्रकाच्या तळाला छापलेल्या पत्त्यावर आले. म्हणजे आमच्या छापखान्यावर. छापखान्याला तीन दिवसांपूर्वी सील लागलं होतं, कारण माझंच आणखी एक पत्रक. मी छापखान्यातच कागदाच्या रिमांवर झोपायचो. तेव्हा सरकारनं मतस्वातंत्र्याबरोबर माझी गादीही जप्त केली होती आणि मी तीन रात्री खानावळीच्या बाकावर काढत होतो. मी पोचलो तर सीलबंद दाराच्या पायरीवर गुरुजी, शेजारी वळकटी, आणि त्यांच्याजवळ आमचा जुळारी. हा खिळे जुळवायचा, म्हणजे माझी सगळी पत्रकं एकेक अक्षर करून यानेच उभी केलेली. सील निघालं का बघायला रोज येऊन बसायचा. गुरुजी त्याला ललतातला मध्यम समजावून सांगत होते आणि तो मान डोलवत होता.

“आलास?” गुरुजी म्हणाले. “चल, कुठल्या घरी जायचं?”

“कुठल्या म्हणजे?”

त्यांनी पत्रक काढलं. चष्मा लावून ते वाक्य मला वाचून दाखवलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं पूर्वी फळ्यावरच्या गणिताकडे बघायचे.

“तू लिहिलंयस ना?”

“हो, पण गुरुजी, ते...”

“मग झालं तर.”

जुळारी हसत होता. म्हणाला, “माझ्याकडे चला गुरुजी. नायगावला. बीडीडी चाळ. आम्ही सात जण आहोत, आठ होऊ. आई गॅलरीत झोपते, तिला हवा लागते.”

“तुला अडचण,” मी म्हणालो.

“अडचण कसली? ‘प्रत्येक घर’ हे मीच जुळवलंय ना? माझंही त्यात आलं की.”

गुरुजी वळकटी उचलायलाही लागले. मी अडवलं. म्हटलं, नायगाव लांब, सकाळी पहिली ट्राम चुकली तर दारं बंद, मग आलात कशाला? कारण पटण्यासारखं होतं आणि ते मी जोरात सांगितलं. पण मला त्या वाक्याची लाज राखायची होती, आणि ‘घर’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे दार आलं होतं ते नायगावचं नव्हतं. त्यातही जुळाऱ्याच्या बौद्ध बिऱ्हाडाचं तर नव्हतंच. हे मला त्या दिवशी कळलं नाही, असं मी आता म्हणू शकतो. कळलं होतं.

“बरं,” जुळारी म्हणाला. “कुठेच नाही जमलं तर या. दाराला कडी नसते आमच्या.”

आम्ही निघालो. आधी गिरगावातलं एक लॉज. गल्ल्यावर बसलेल्या मॅनेजरनं मान वर न करता विचारलं, “लग्न, कोर्ट, की दवाखाना?”

“गाणं,” गुरुजी म्हणाले.

मॅनेजरनं मान वर केली. “गाण्याचा दर वेगळा. मैफल असली की खाटा भरतात. एक खाट आहे, पण ती रात्री दोनपर्यंत एका फौजदारी वकिलाच्या कारकुनाची. दोननंतर तुमची. आणि चारला रिकामी करायची, दूधवाला येतो.”

“दूधवाला खाटेवर येतो?” मी विचारलं.

“मग काय डोक्यावर झोपेल? रात्रभर गोठ्यावर असतो तो.”

दोन तासांच्या त्या खाटेला त्यानं जे पैसे सांगितले त्यात गुरुजींनी आठवडाभर गावात भाजी आणली असती. मी तिथेच आवाज चढवला. मराठी माणसाच्या राजधानीत मराठी माणसाला झोपायला जागा नाही, हा काय न्याय आहे, वगैरे. मॅनेजरनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “मीही मराठीच आहे हो. लॉज मालकाचं आहे.” आणि कारकुनाची चादर झटकायला गेला.

तिथून ट्रामनं लालबाग. तिथे एका कोकणातल्या गावाची खोली होती. माझ्या ओळखीचा एक विणकर तिथे राहायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : कोकणातल्या एकेका गावानं गिरणगावात एकेक खोली घेऊन ठेवलेली असते. गावचा कुठलाही माणूस मुंबईत आला की त्या खोलीत त्याला जागा. भिंतीला लागून ट्रंका, प्रत्येकीवर नाव, आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायच्या पाळ्या. इतकी शिस्त मी आमच्या कुठल्याही समितीत पाहिली नाही.

खोलीचे कारभारी दारातच बसले होते, पन्नाशीचे, अंगात बंडी.

“खंयच्या गावचे तुमी?”

गुरुजींनी गाव सांगितलं.

“आमच्या गावचे न्हय.”

“नाही. पण सीमाभागातले आहेत,” मी म्हणालो. आणि पत्रक पुढे केलं. कारभाऱ्यांनी ते वाचलं नाही, त्यावर अडकित्ता ठेवून सुपारी कातरली.

“सीमाभाग काय तां आमका म्हायत आसा. मोर्चाक आमी जातंव. पण खोली गावची. उद्या तुमका घेतला तर परवा दुसऱ्या गावचो येतलो. मग आमचो माणूस खंय झोपतलो?”

आतून कोणीतरी विचारलं, पाव्हण्याचं आमच्या गावाशी नातंगोतं काही? कारभाऱ्यांचा चेहरा उजळला. माणूस वाईट नव्हता, त्याला वाट हवी होती. त्यांनी गुरुजींच्या आजोळाची चौकशी केली, मावशीची केली, चुलत्याच्या सासुरवाडीची केली. कुठेच काही जुळेना. शेवटी पुढे वाकून त्यांनी विचारलं :

“तुमचां लगीन झालां काय?”

“झालं. चाळीस वर्षं झाली.”

“मग कठीण आसा.” कारभाऱ्यांनी खरोखरच हळहळून मान हलवली. “गावचे जावय असतात तर कोणी काय बोललो नसतो.”

चहा मात्र पाजला. गुरुजींना ती खोली फार आवडली. ट्राममध्ये म्हणाले, “नियम म्हणजे नियम. पण किती आपुलकीनं नाही म्हणाले!” मी खिडकीतून बाहेर बघत होतो. संध्याकाळ होत आली होती आणि ते पत्रक पुन्हा त्यांच्या खिशात गेलं होतं.

मग मी ते केलं.

गिरगावात सभागृहापासून हाकेच्या अंतरावर एक चाळ आहे. तीन मजले, तक्क्यासारख्या पोटाचे चिटणीस, आणि सत्याग्रहींचं आतिथ्य करण्यात सगळ्या गिरगावात पहिला नंबर. सीमाभागातून सत्याग्रहींची तुकडी आली की ही चाळ तिला जेवू घालते, झोपवते आणि पहाटे वाजतगाजत जमावबंदी मोडायला पाठवते. तुकडी साडेपाचला निघते. कारण पोलिसांची पाळी सहाला बदलते, त्या वेळी दोन्ही पाळ्यांचे पोलिस चौकीत असतात, आणि अटक करायला माणसं कमी पडत नाहीत. हा शोध चिटणिसांचा.

त्यांना मी म्हणालो, “हे माझे गुरुजी. बेळगावकडून आलेत. सकाळी सहाला त्यांना...”

पुढचं मला बोलता आलं नाही. चिटणिसांनी गुरुजींना मिठी मारली. “या वयात! अहो, सांगायचं तरी आधी. उद्या तीनच जण होते तुकडीत, चार झाले!” वर बघून ओरडले, “अगं, सतरंजी टाका! गादी पण!”

इथे मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण वरून गादी उतरताना दिसली. तीन रात्री बाकावर काढलेल्या माणसाला गादी काय दिसते हे मी सांगत बसत नाही. म्हटलं, आता झोपू दे गुरुजींना, सकाळी हळूच मागच्या जिन्यानं काढून नेऊ.

झोपू दे! त्या चाळीत सत्याग्रहीला झोपू देतात की काय? आधी औक्षण झालं. पाच बिऱ्हाडांच्या बायकांनी रांग लावली. गुरुजी कपाळावर कुंकवाचा लेप घेऊन माझ्या कानाशी म्हणाले, “गाणं ऐकायला जाणाऱ्याचं औक्षण करतात इथे? काय रसिक वस्ती आहे!” मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी स्वतःच्या हातानं पुरणपोळी भरवली आणि डोळे पुसले. “आत चांगलं खायला मिळत नाही हो,” त्या म्हणाल्या.

“सभागृहात? कँटीन असेल की,” गुरुजी म्हणाले. आजींना आणखी रडू आलं.

मग चौकात सभा भरली. चिटणीस म्हणाले, “पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत.” गुरुजी उभे राहिले आणि ललतावर बोलले. थेट ललतावर. दोन मध्यम शेजारी शेजारी कसे येतात, पंचम का वर्ज्य, बाई कुठे थांबतात, रेडिओ कुठे बंद होतो. वीस मिनिटं. माणसं श्वास रोखून ऐकत होती. माझ्या शेजारी चिटणीस कुजबुजले, “बघितलंस? खबरी बसलाय ना पानवाल्याकडे. म्हणून सगळं गाण्याच्या भाषेत सांगतायत. पक्का माणूस आणलास!” टाळ्या इतक्या पडल्या की माझ्या कुठल्याही वाक्याला कधी पडल्या नव्हत्या. मला हेवा वाटला. लिहितोय ना सगळं, मग हेही लिहितो.

त्यानंतर पोवाडे झाले. मग कोणी डफ आणला. गुरुजी गादीवर बसल्याबसल्या डुलक्या घेत होते. दर वेळी डोळा लागला की कोणीतरी पाया पडायला येई आणि जागं करी. चटईएवढी जागा हवी होती त्यांना, तर चाळीनं दीड पुरुष लांबीची गादी दिली आणि ती पाठीला लागू दिली नाही. मागच्या जिन्याकडे मी दोनदा जाऊन आलो. तिथे उद्याच्या हारांची टोपली घेऊन बायका बसल्या होत्या.

पहाटे साडेपाचला गुरुजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, तिकीट वरच्या खिशात ठेवून तयार. सगळी चाळ सोबत निघाली. “इतकी माणसं येणार?” गुरुजी खूश होऊन म्हणाले. “बाईंना बरं वाटेल.” गळ्यात हार, पुढे झेंडा, मागे घोषणा. नाक्यावर मिरवणूक डावीकडे वळली.

“अरे, सभागृह उजवीकडे,” गुरुजी म्हणाले.

“घाबरू नका गुरुजी!” मागून बायका ओरडल्या. “आम्ही आहोत!”

“घाबरत नाही मी. उजवीकडे आहे ते.”

मी गर्दीत घुसून त्यांचा हात धरला, सांगायला लागलो. तेवढ्यात शिट्टी वाजली. चौकीसमोर दोन्ही पाळ्यांचे पोलिस उभे होते, चिटणिसांचा हिशेब पक्का. एका हवालदारानं गुरुजींच्या कोपराला हात लावला.

“बसा आजोबा गाडीत.”

“माझ्याकडे तिकीट आहे,” गुरुजी म्हणाले आणि काढून दाखवलं.

हवालदारानं बघितलं. “इथे तिकीट लागत नाही. बसा.” मी हात सोडत नव्हतो, म्हणून मलाही बसवलं. गाडी सुरू झाली आणि तीस पावलांवर थांबली, कारण चौकी तिथेच होती.

आत एका बाकावर आम्ही पाच जण. गुरुजी, मी, तुकडीतले तिघे. सहाचे टोले पडले. मी गुरुजींना सगळं सांगितलं, चिटणिसांपासून गादीपर्यंत. त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. आणि तेव्हाच मागच्या उंच खिडकीतून तंबोरे ऐकू आले.

सभागृह मागच्याच गल्लीत होतं. ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी गिरगावात मैफलीचा कर्णा बाहेर रस्त्यावर लावतात, फूटपाथवर बसून लोक ऐकतात. तो कर्णा चौकीच्या खिडकीकडे तोंड करून होता. बाईंनी षड्ज लावला आणि गुरुजी बाकाच्या टोकाशी सरकून खिडकीखाली डोळे मिटून बसले. चेहऱ्यावर जागरण होतं, तरी तो माणूस त्या क्षणी मुंबईत सगळ्यांत चांगल्या जागेवर बसला होता.

टेबलावरचा हवालदार जाडजूड वही उघडून म्हणाला, “नाव?” गुरुजींनी बोट वर केलं. थांब. हवालदार थांबला. साताऱ्याकडचा असावा, गळ्यात तुळशीची माळ होती. त्यानं टाक दौतीत ठेवला. “नावं नंतर लिहू,” तो दुसऱ्याला हळू आवाजात म्हणाला. चौकीत सरकारी काम बंद पडलं. संपाची हाक न देता. तासभर पोलिस आणि कैदी एका खिडकीकडे तोंड करून गप्प बसले होते. रेडिओ जिथे बंद व्हायचा ती जागा आली आणि गुरुजींनी डोळे न उघडता माझा गुडघा दाबला. पुढचं सुरू झालं. सहा वर्षांत न ऐकलेलं. लय वाढली, बाई शेवटच्या तिहाईकडे निघाल्या, हे मलासुद्धा समजत होतं.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकीसमोर चाळ येऊन पोचली, डबे घेऊन. चिटणिसांचा आवाज उठला : “संयुक्त महाराष्ट्र...”

आणि मी ओरडलो, “झालाच पाहिजे!”

मला ओरडायचं नव्हतं. पण अर्धी घोषणा कानावर आली की माझा गळा उरलेली अर्धी आपोआप देतो, तीन वर्षांची सवय आहे. माझ्यामागून तुकडीतले तिघे ओरडले. बाहेरच्यांना आतून उत्तर मिळालं म्हणून ते दुप्पट ओरडले. सहा, सात, आठ वेळा. गुरुजी “अरे गप्प! गप्प बसा रे!” म्हणत होते आणि तो आवाज शाळेतला होता. पण त्या शाळेतून मी कधीच बाहेर पडलो होतो.

घोषणा थांबल्या तेव्हा खिडकीतून टाळ्या ऐकू येत होत्या.

“संपलं?” गुरुजींनी हवालदाराला विचारलं.

“संपलं.” त्यानं टाक उचलला. “तुमच्या लोकांनी ऐकू नाही दिलं हो.”

दहा वाजता ताकीद देऊन सगळ्यांना सोडलं. मैफल उठली होती. गुरुजींच्या खिशात न फाडलेलं तिकीट. नाक्यावर आमचा जुळारी भेटला, रात्री वाट बघून सकाळी शोधत आलेला. त्याच्या आईनं गॅलरीतली जागा झाडून ठेवली होती आणि ती आत झोपली होती. गुरुजी त्याच्याबरोबर नायगावला गेले, जेवले आणि संध्याकाळच्या गाडीच्या वेळेपर्यंत झोपले. सहा तास. सात माणसांच्या खोलीत कोणी भांडंही वाजवलं नाही, असं तो सांगत होता. निघताना गुरुजी मला म्हणाले, “तुझं वाक्य खोटं नव्हतं. दारं आहेत. तू पत्ता चुकीचा दिलास.”

परवा त्यांचं कार्ड आलं. बाई येत्या माघात पुन्हा गिरगावात गाणार आहेत, सकाळी सहालाच. तिकीट मागवलंय. खाली एक ओळ : ‘जागा बघून ठेव. पत्रक पाठवू नकोस.’

नायगावची जागा पक्की आहे, ती जुळाऱ्यानं मला न विचारताच कळवून टाकली. पण या खेपेला गुरुजींबरोबर पंचायतीचा कारकून येतोय, तोच रेडिओ बंद करणारा. त्यालाही शेवट ऐकायचाय म्हणे. तेव्हा तुम्ही, जे हे वाचताय आणि ज्यांचं घर गिरगावात, दादरला, परळला कुठेही आहे, त्यांना सांगतो : माघातल्या त्या शनिवारी एका माणसाला चटईएवढी जागा द्या. तो कशासाठी आलाय हे विचारू नका. हार आणू नका. आणि तो आडवा झाला की सकाळपर्यंत तोंड बंद ठेवा. देताय का जागा? हो की नाही, एवढंच कळवा.